मनाचा ताण आणि मेंदूचा आघात

‘ताण’ हा शब्द मराठीत मुळात दोरीचा आणि तारेचा आहे. वीणेची तार योग्य ताणाशिवाय बोलत नाही आणि प्रमाणाबाहेर ताणली, तर तुटते. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ हे शहाणपण मराठी माणूस भांडणाच्या प्रसंगी सहज सांगतो. परंतु स्वतःच्या मनाला आणि शरीराला तो ते क्वचितच लागू करतो. घरातील कर्ता पुरुष कर्जाच्या विचाराने रात्र रात्र जागतो. गृहिणी मनातील काळजी कोणाला बोलून दाखवत नाही. दिवसभर मजुरी करून संध्याकाळी पुस्तक उघडणारा प्रौढ विद्यार्थी परीक्षेच्या धास्तीने जेवणावरचे लक्ष गमावतो. अशा माणसांना भोवतालचे लोक एकच सल्ला देतात : ‘टेन्शन घेऊ नका.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ताण ही बाजारातून विकत घेण्याची वस्तू नव्हे. कोणी तो हौसेने घेत नाही. म्हणून ‘घेऊ नका’ म्हटल्याने तो जातही नाही. ताणाचा पक्षाघाताशी असलेला संबंध लक्षात घेतला, म्हणजे हा पोकळ सल्ला किती अपुरा आहे, हे कळून येते. ताणाचे ओझे हलके करायचे असेल, तर माणसाच्या हाती काहीतरी ठोस द्यावे लागते.

पक्षाघाताला बोलीभाषेत अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात. ‘वायू’ या शब्दामुळे हा गार वाऱ्याचा विकार असावा, असा समज खेड्यापाड्यांत अजूनही आढळतो. वस्तुतः तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा विकार आहे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा एखादी रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला, की मेंदूच्या त्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो. मग त्या भागाच्या ताब्यातील हात, पाय, वाचा किंवा दृष्टी निकामी होऊ लागते. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असता उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आघात क्षणात होतो. परंतु त्याची तयारी शरीरात बहुधा अनेक वर्षे चाललेली असते. या तयारीत ताणाचा वाटा कोणता, हा खरा प्रश्न आहे.

ताण हा मुळात शत्रू नाही. संकट समोर येताच छाती धडधडते, श्वास जलद होतो, स्नायू आवळले जातात. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रतिक्रियेचा अभ्यास करून ती लढण्याची किंवा पळण्याची तयारी असल्याचे दाखवले. पुढे १९३६ मध्ये हान्स सेल्ये या संशोधकाने निरनिराळ्या प्रकारच्या त्रासांना शरीर ठरावीक पद्धतीने तोंड देते आणि त्रास लांबला तर अखेर थकून जाते, असे मांडले. अशा वेळी मूत्रपिंडांच्या वर असलेल्या लहानशा ग्रंथींतून अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. त्यांच्यामुळे रक्तदाब वाढतो आणि रक्तातील साखरही वाढते. वाघ समोर असता ही तयारी जीव वाचवते. वाघ निघून गेला, की शरीर पूर्ववत होते. परंतु सावकाराचा तगादा, नोकरीची अनिश्चिती, घरातील अबोला आणि आजारी माणसाची शुश्रूषा हे वाघ निघून जात नाहीत. ते रोज उंबऱ्याशी बसून असतात. मग शरीराची लढाईची तयारीही उतरत नाही आणि आणीबाणीसाठी असलेली व्यवस्था रोजचीच होऊन बसते.

ताण मेंदूपर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट सरळ आहे. वारंवार वाढणाऱ्या रक्तदाबाचा मारा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर होतो. त्या कठीण होतात आणि कोठे कमकुवत होतात. दुसरी वाट आडवळणाची असली, तरी अधिक वर्दळीची आहे. ताणलेला माणूस झोप गमावतो, चालणे सोडतो, अवेळी आणि खारट-तेलकट खातो, विडी-तंबाखूचा आधार घेतो, दारूला ‘विसरण्याचे औषध’ मानतो. आपल्याला कोणती गोळी चालू आहे, याचेही त्याला भान राहत नाही. या प्रत्येक सवयीचा शेवट रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार यांपैकी कशात तरी होतो. म्हणून ‘ताणामुळे पक्षाघात झाला’ असे एका वाक्यात म्हणणे जसे अपुरे आहे, तसे ‘ताणाचा काही संबंध नाही’ असे म्हणणेही चुकीचे आहे.

‘इंटरस्ट्रोक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष येथे उपयोगी पडतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालासाठी भारतासह ३२ देशांतील सुमारे २७ हजार व्यक्तींची माहिती घेण्यात आली. त्यांतील निम्म्या व्यक्तींना पक्षाघात झालेला होता. बदलता येण्याजोगी दहा कारणे मिळून पक्षाघाताच्या जवळजवळ ९० टक्के धोक्याचा उलगडा करतात, असे त्यातून दिसले. उच्च रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे जवळपास निम्मा होता. मानसिक-सामाजिक ताण याच दहांच्या यादीत आहे. याच अभ्यासाच्या आणखी एका विश्लेषणात, सुमारे अकरा रुग्णांपैकी एकाला आघातापूर्वीच्या तासाभरात तीव्र संताप किंवा मनाची अस्वस्थता अनुभवास आली होती, असे आढळले. अर्थात, हे निष्कर्ष जपून वापरले पाहिजेत. आघात झाल्यावर माणूस कारण शोधू लागतो आणि एरवी विसरला असता ते दुःखही त्याला आठवते. त्यामुळे ताणाचा नेमका वाटा मोजणे अवघड असते. तथापि संबंध आहे, याविषयी फारसे दुमत नाही.

२०२२ मध्ये याच अभ्यासातून पुढे आलेली एक गोष्ट मात्र विशेष विचार करण्याजोगी आहे. कामाच्या ठिकाणी किंवा घरात जे घडते, त्यावर आपला काही ताबा आहे, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण कमी दिसले. इतकेच नव्हे, तर ज्यांना घरातील गोष्टींवर असा ताबा वाटत होता, त्यांच्या बाबतीत ताण आणि आघात यांचा संबंधही सौम्य होता. याचा अर्थ असा, की किती ओझे आहे एवढाच प्रश्न नसतो. ते ओझे उचलताना लगाम कोणाच्या हातात आहे, हाही प्रश्न असतो. काम कितीही असो, ते केव्हा आणि कसे करायचे हे ज्याला ठरवता येते, तो निभावून नेतो. ज्याच्या हाती काहीच नसते, तो थोड्या ओझ्यानेही खचतो.

हे समजून घ्यायला तमिळनाडूतील तंजावरचे उदाहरण बोलके आहे. मराठी वाचकाला हे नगर परके नाही. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही तेथे आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील मराठी कागदपत्रे जपलेली आहेत. तंजावर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा मुख्य जिल्हा. भाताचे कोठार म्हणून त्याची ख्याती आहे. कुरुवै, सांबा आणि ताळडी अशा भाताच्या तीन हंगामांवर येथील घरे चालतात. परंतु या हंगामांची किल्ली शेतकऱ्याच्या हाती नाही. ती दूरवरच्या मेट्टूर धरणाच्या दरवाजांपाशी आहे आणि त्या धरणाचे पाणीही बरेचसे कर्नाटकातील पावसावर आणि दोन राज्यांमधील वाटपावर अवलंबून आहे. १२ जून हा धरणाचे पाणी सोडण्याचा रूढ दिवस. पण २०१२ ते २०१९ या सलग आठ वर्षांत त्या दिवशी पाणी सुटू शकले नाही. ते २०२० मध्ये पुन्हा ठरल्या दिवशी सुटले. आठ वर्षे नांगर तयार ठेवून आकाशाकडे आणि न्यायालयाकडे पाहत बसणे, ही साधी काळजी नव्हे.

त्यातच १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यम्‌च्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. तंजावर जिल्ह्यातील पट्टुकोट्टै आणि पेरावुरणी या भागांतील नारळाच्या बागा त्याने एका रात्रीत आडव्या केल्या. भात बुडाला तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो. नारळाचे उंच जातीचे झाड मात्र लावल्यापासून फळायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे एका रात्रीने घरातील मुलीच्या लग्नाचे, मुलाच्या शिक्षणाचे आणि जुन्या कर्जफेडीचे बेत अनेक वर्षे पुढे ढकलले. अशा शेतकऱ्याला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. त्याचा ताण त्याच्या स्वभावातून आलेला नाही; तो त्याच्या परिस्थितीतून आलेला आहे. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी, गिरणी बंद पडलेला कामगार आणि कंत्राटी नोकरीवर दर अकरा महिन्यांनी नव्या आदेशाची वाट पाहणारा कर्मचारी, हे सारे याच पंक्तीत बसतात.

काही जण म्हणतील, की मागच्या पिढ्यांनीही दुष्काळ आणि साथी सोसल्या. त्यांना कोठे ताणाचे कौतुक होते? या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. त्यांनी सोसले, हे खरे. पण त्या सोसण्याची किंमत कोणी मोजली नाही, हेही तितकेच खरे. रक्तदाब मोजण्याचे साधन गावात नसताना ‘बसल्या बसल्या गेला’ किंवा ‘वारे गेले’ एवढीच नोंद होत असे. शिवाय अंगमेहनतीचे दिवस आणि माणसांनी भरलेली घरे हा त्या काळचा आधार होता. आज तो आधार सैल झाला आहे. कष्ट बैठे झाले, मुले दूरच्या शहरांत गेली आणि ओसरीवरच्या गप्पांची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली.

तर मग करायचे काय? तंजावरच्या प्रसिद्ध डुलणाऱ्या बाहुल्यांपैकी एका प्रकाराकडे पाहिले, तर उत्तराची दिशा सापडते. या बाहुलीचा तळ गोल आणि जड असतो. तिला कोणत्याही बाजूला ढकलले, तरी ती डुलते आणि पुन्हा उभी राहते. धक्का लागू नये, अशी व्यवस्था तिच्यापाशी नाही. धक्क्यानंतर उभे राहण्याचे वजन मात्र तिच्या तळाशी आहे. माणसाच्या जगण्यातही पाऊस, बाजारभाव आणि वादळ हाती नसतात. परंतु तळ जड करणे बऱ्याच अंशी हाती असते.

या कामाची पहिली पायरी म्हणजे रक्तदाब मोजून घेणे. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे राहतो. डोके दुखत नाही, म्हणून रक्तदाब नाही, हा समज घातक आहे. वेगवेगळ्या वेळी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर वैद्यकीय सल्ला घेतलाच पाहिजे. मनातील ताण दिसत नाही; पण दंडावर पट्टा बांधून मिळणारा आकडा वहीत लिहिता येतो आणि जे लिहिता येते, त्यावर उपाय करता येतो. दुसरी पायरी गोळीची. बरे वाटू लागले म्हणून मनानेच गोळी बंद करणे ही आपल्या समाजातील सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. रक्तदाबाची गोळी ही चष्म्यासारखी असते. दिसू लागले म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही.

त्यानंतर येतात रोजच्या सवयी. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे साधारण एक लहान चमचाभर मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यात मोजायचे असते. आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे झपझप चालणे रक्तदाबालाही उतरवते आणि मनालाही हलके करते. तंबाखू व दारू यांनी ताण कमी होत नाही. तो काही तास झाकला जातो आणि व्याजासह परत येतो. पुरेशी झोप, संथ दीर्घ श्वसन, प्रार्थना, भजन, योगासने, बागकाम यांपैकी ज्याला जे रुचेल, ते त्याने नियमाने करावे. मात्र श्वसनाचे प्रकार गोळीच्या जोडीला असतात, गोळीच्या जागी नव्हेत, हे विसरता कामा नये. आणि या सर्वांहून सोपा, तरीही अवघड वाटणारा उपाय म्हणजे बोलणे. पुरुषाने रडू नये आणि बाईने तक्रार करू नये, या शिकवणुकीने अनेकांचे रक्त आतल्या आत उसळत ठेवले आहे. विश्वासाच्या माणसापाशी मन मोकळे करणे हा दुबळेपणा नाही. जवळ असे माणूस नसेल, तर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

परंतु सगळा भार एकट्या माणसावर टाकणे न्यायाचे होणार नाही. ज्याच्याकडे दवाखान्यात जायला एक दिवसाची मजुरी सोडण्याची सोय नाही, त्याला ‘नियमित तपासणी करा’ असे सांगणे हाही एक प्रकारचा पोकळ सल्लाच आहे. आरोग्य ही राज्याचीही जबाबदारी आहे, हा विचार तंजावरला नवा नाही. दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांच्या हातून १७९९ च्या तहाने राज्यकारभार गेला. किल्ला आणि त्याचा परिसर एवढेच त्यांच्याकडे उरले. उरलेल्या मर्यादेत त्यांनी ग्रंथालय वाढवले आणि ‘धन्वंतरी महाल’ उभा केला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या वैद्यकपद्धतींचे जाणकार एकत्र काम करीत, औषधांची पारख होत असे आणि रुग्णांवर उपचार केले जात. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून केलेल्या उपचारांच्या नोंदी आजही सरस्वती महालात जतन केलेल्या आहेत. जे हातातून गेले, त्याचा शोक करण्यापेक्षा जे हाती उरले, ते लोकांच्या उपयोगी लावणे आणि रुग्णाची काळजीपूर्वक नोंद ठेवणे, या दोन्ही गोष्टी आजही शिकण्यासारख्या आहेत.

त्याच तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’, म्हणजे ‘लोकांच्या शोधात वैद्यक’, ही योजना सुरू झाली. आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन रक्तदाब व मधुमेह तपासावा, त्यांची औषधे घरपोच द्यावीत आणि अंथरुणाला खिळलेल्यांना व्यायामोपचार मिळावेत, अशी तिची रचना करण्यात आली. या कल्पनेचे मोल केवळ औषधात नाही. महिन्याकाठी कोणीतरी दारी येते, आकडा पाहते आणि विचारपूस करते, यानेही एकट्या पडलेल्या माणसाला आधार मिळतो. अशी व्यवस्था प्रत्येक राज्यात, प्रत्येक पाड्यावर असली पाहिजे. त्याबरोबरच पाणी केव्हा सुटणार हे शेतकऱ्याला वेळेवर कळणे, विम्याची भरपाई न रखडता मिळणे, कामगाराला कामाचे तास आणि सुटी आधी ठाऊक असणे, या गोष्टी वरवर आरोग्याच्या वाटत नाहीत. तरी त्या माणसाच्या हाती लगाम देतात. म्हणून त्यांचीही गणना पक्षाघात टाळण्याच्या उपायांत झाली पाहिजे.

एवढे करूनही आघात झालाच, तर वेळ हेच औषध ठरते. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी एक लक्षण दिसले, तरी तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लक्षण कितीला सुरू झाले, ते लक्षात ठेवावे. कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे मेंदूच्या स्कॅननंतरच ठरते. म्हणून तशी सोय असलेले रुग्णालय गाठावे. तोंडात पाणी वा औषध घालणे, अंगाला तेल चोळत बसणे, मांत्रिकाला बोलावणे यांत गेलेली घटका परत मिळत नाही.

माणसाच्या आयुष्यातून ताण पूर्णपणे काढून टाकणे कोणालाही जमलेले नाही आणि तसा प्रयत्न करण्याचे कारणही नाही. कावेरीचे पाणी कधी उशिरा येईल, वादळे पुन्हा येतील, परीक्षा आणि लग्नकार्येही चुकणार नाहीत. मात्र वाढलेला रक्तदाब वेळीच ओळखणे, औषध न चुकवणे, मनातले बोलणे आणि शेजाऱ्याच्या मनातले ऐकून घेणे, हे शक्य आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब गेल्या वर्षभरात कोणी मोजला आहे का, एवढा एक प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आज स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘टेन्शन घेऊ नका’ असे म्हणण्याऐवजी त्यांना हात धरून जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जावे.